गाडी उंच करण्याचा जमाखर्च



आपल्या बालाघाटच्या नावातच उंची आहे. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट. गंमत अशी की शहर स्वतः घाटाच्या खाली, वैनगंगेच्या काठी बसलेले, आणि जुनी माणसे त्याला बूढा म्हणत. १८६७ नंतरच्या काही वर्षांत भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा झाला. तेव्हापासून खालच्या माणसाला कामाधामासाठी वर चढावेच लागते. बैहर, उकवा, परसवाडा, मलाजखंड, सगळे वर.

आज मात्र लिहायचे आहे ते गाडीच्या उंचीबद्दल. हल्ली तरुण मंडळींमध्ये जीप, थार, बोलेरो, पिकअप 'लिफ्ट' करून घेण्याची हौस फार. लिफ्ट करणे म्हणजे स्प्रिंगा बदलून किंवा मध्ये ठोकळे घालून गाडी जमिनीपासून दोन-चार इंच वर उचलायची आणि खाली मोठे, जाड नक्षीचे टायर चढवायचे. गाडी रुबाबदार दिसते, यात वाद नाही. हौसेला मोल नसते हेही खरे. पण मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. समोर कोणी मोल नसलेली वस्तू ठेवली की आधी पाठ उलटून पाहायची सवय लागली आहे.

आमच्या घरात हा विषय आला तो धाकट्या भावाच्या मुलामुळे. भाऊ आता नाही. हा मुलगा शेती पाहतो आणि चिन्नोर धानाचा थोडा व्यापार करतो. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून विचारणा वाढली. शेतकऱ्यांच्या बांधीपर्यंत जाऊन पीक पाहावे लागते, आणि ते पाहायचे दिवस म्हणजे नेमके पावसाचे. त्याच्याकडे बोलेरो आहे. एका संध्याकाळी येऊन म्हणाला,

"मोठेबाबा, गाडी दोन इंच उचलून राहिलो. अन् टायर एकतीसचे टाकतो."

मी विचारले, "हप्ते किती राहिले?"

"त्याचा काय संबंध जी?"

संबंध होता, पण तो नंतर. आधी त्याची अडचण ऐकून घेतली. अडचण खोटी नव्हती. कन्हार जमिनीत पावसाळ्यात बंडी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला भाग उंचवटा होऊन राहतो. बोलेरोची चाके चाकोरीत उतरली की पोट त्या उंचवट्यावर टेकते आणि चाके नुसती फिरत बसतात. मागच्या वर्षी दोनदा ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढावी लागली. एकदा इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर दगडावर आपटून फुटले. व्यापाऱ्याचा दिवस असा गेला की धान दुसरा घेऊन जातो.

मला या दुखण्याची ओळख आहे. १९८४ साली माझी बदली बैहरच्या शाखेत झाली. तेव्हा आयआरडीपीची कर्जे जोरात होती. बैलजोडी, बंडी, शेळ्या, किराणा दुकान. दिलेल्या कर्जातून वस्तू खरंच घेतली की नाही हे पाहायला गावोगाव जावे लागे. शाखेसाठी भाड्याची जीप येई, सोळा इंची रिमचे अरुंद टायर लावलेली जुनी महिंद्रा. त्या काळी बालाघाट-बैहर, बालाघाट-लांजी या रस्त्यांवर हीच जीप टॅक्सी म्हणून चाले. आत किती माणसे आहेत हे मोजायचे नसते, असा अलिखित नियम होता. टपावर पोती, मागे लोंबकळणारी पोरे.

गाडी उंच करण्याचा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो तेव्हाच. त्याला लिफ्ट वगैरे नाव नव्हते. टॅक्सीवाले कमानी मिस्त्रीकडे जात आणि कमानीत एक पाटा वाढवून घेत. हेतू एवढाच की माणसे भरल्यावर गाडी बसू नये. रिकामी असताना जीप मागून कोंबडीसारखी वर उठलेली दिसे, आणि बसणाऱ्याच्या मणक्याचे हाल होत. शहरात एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. एकदा आमची जीप त्यांच्याकडे असताना मी विचारले, "उस्ताद, दोन पाटे वाढवले तर गाडी नाल्यातल्या दगडावरून निघेल का?" उस्तादांनी मला मागे नेऊन वाकायला लावले. दोन मागच्या चाकांच्या मध्ये लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. त्यावर पाना वाजवून म्हणाले, "बाबूजी, कमान इसके ऊपर है. गाडी आसमान में उठा दो, ये यहीं रहेगा."

चाळीस वर्षांनी पुतण्याला मी हेच सांगितले. बोलेरोच्या मागे सरळ ॲक्सल आहे आणि त्यावर कमानी. कमान उंच केली की चासी वर जाते, बॉडी वर जाते, पोट वर जाते. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यासाठी त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण गाडीचा तो मागचा सर्वांत खालचा गोळा चाकाच्या मध्याशी बांधलेला आहे. तो वर जातो फक्त चाक मोठे झाले की. आणि तेही निम्म्याने, कारण चाकाचा व्यास जितका वाढतो त्याच्या अर्धाच मध्यबिंदू वर सरकतो.

आपल्या पूर्वजांना हे पुस्तक न वाचता कळले होते. बंडीची, खासरीची चाके आठवा. माणसाच्या छातीपर्यंत येणारी. बैलाला ओढायला सोपे जावे हे एक कारण, आणि चिखलात आस टेकू नये हे दुसरे. साटी उंच बांधून चाक लहान ठेवण्याचा उद्योग कोणत्याही सुताराने केला नाही.

मग पुतण्या म्हणाला, "म्हणून तर टायर मोठे टाकतो ना." बरोबर. म्हणून आम्ही टायरचा हिशोब मांडला. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला आकडेमोड करायला निमित्तच लागते.

बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. १५ ही रिमची इंचे, म्हणजे ३८१ मिलिमीटर. वरची बाजू, खालची बाजू आणि रिम मिळून चाकाचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर. एकतीस इंची टायर म्हणजे ७८७ मिलिमीटर. फरक ८४, त्याचे अर्धे ४२. म्हणजे एवढा मोठा टायर चढवून गोळा वर जाणार ४२ मिलिमीटर, पावणेदोन इंचांच्याही आत.

ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला काय काय येते ते मी त्याला एकेक करून लिहायला लावले.

पहिले, स्पीडोमीटर. मीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक मोठे झाले की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, हे मीटरला कळत नाही. वरच्या आकड्यांनी मीटर ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६७ने धावत असेल. म्हणजे घाटात उतरताना आपल्याला वाटते त्याहून आपण जोरात आहोत.

दुसरे, ओढ. चाक मोठे म्हणजे जणू गिअर उंच झाला. चाकापाशी पोहोचणारी ओढ सुमारे अकरा टक्क्यांनी घटते. दहा रुपयांतला एक रुपया गेला समजा. आणि तो नेमका चढावर आणि चिखलात जातो, जिथे त्याची गरज असते.

तिसरे, ब्रेक. जड आणि मोठे चाक थांबवायला जास्त जोर लागतो, ब्रेक मात्र तेच राहतात.

चौथे, सांधे. चासी वर गेली की प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर झिजतात. शॉकॲब्सॉर्बर आखूड पडतात, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात. हे सगळे नीट बदलले तर काम चांगले होते, पण मग खर्च नुसत्या ठोकळ्यांचा राहत नाही.

पाचवे आणि मोठे, तोल. हे समजावायला मला आपली छोटी लाइन उपयोगी पडली. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूरची ती गाडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना आठवत असेल, रुळांमधले अंतर अडीच फूट आणि त्यावर उंच डबा. वळणावर गाडी कशी जपून, सावकाश जाई. पाया अरुंद आणि वजन उंच असेल तर वळणावर कलंडण्याची भीती वाढते. आता मोठी लाइन झाली, पाया रुंद झाला, वेग वाढला. गाडी लिफ्ट करणे म्हणजे मोठ्या लाइनवरून थोडे छोट्या लाइनकडे परत जाणे. उकव्याच्या घाटातल्या वळणावर मॅंगनीजचा भरलेला ट्रक समोरून आला आणि स्टिअरिंग झटक्याने वळवावे लागले तर ते दोन इंच आठवतील.

सहावे माझ्या धंद्यातले. गाडी बँकेकडे तारण आहे. तारण वस्तूत परवानगीशिवाय फेरफार करायचा नाही, हे कर्जाच्या करारात असते. पुतण्याने करारावर बारा ठिकाणी सह्या केल्या आहेत, एकही पान वाचलेले नाही. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम सांगते की निर्मात्याने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये याचा अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. आणि विमा? फेरफार कळवला नसेल तर दाव्याच्या वेळी कंपनीच्या हातात आयते कारण मिळते. अपघात झाला की सर्वेअर आधी गाडीखाली वाकतो.

पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, सगळे करूनच तर राहिले. कोणाले काय झालं?"

हा प्रश्न मी नोकरीत शेकडो वेळा ऐकला आहे. त्याचे माझे उत्तर ठरलेले आहे. बुडाले नाही ते प्रत्येक कर्ज योग्यच होते असे नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला नवे काही आवडत नाही असे व्हायचे. उंच गाड्या मुळात फालतू आहेत असे माझे म्हणणे नाही. गोव्यात २०१४पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा होते. भर पावसात, चिखलात, नाल्यांत चालवायच्या गाड्या त्यासाठीच बांधलेल्या असतात. मोठे टायर, पुढे विंच, आत लोखंडी पिंजरा. तिकडे आइसलंडमध्ये बर्फावर जायला ३८ इंची आणि त्याहून मोठे टायर लावतात, हवा अगदी कमी ठेवतात, म्हणजे टायर पसरून गाडी बर्फात रुतत नाही. तिथे अशा गाड्यांची रीतसर तपासणी होऊन नोंदणी होते. म्हणजे ज्याला खरी गरज आहे त्याने सगळे नियम आणि सगळे सुटे भाग मिळून काम करावे. फक्त ठोकळे आणि टायर हे अर्धे काम झाले. आणि ती गाडी त्याच कामाची राहते.

आमच्या बोलेरोला मात्र पाच कामे आहेत. धान पाहायला जाणे, पोरांना शाळेत सोडणे, लग्नाला वऱ्हाड नेणे, बाजार करणे, आणि वहिनीला दर पंधरा दिवसांनी गोंदियाला डॉक्टरांकडे नेणे. वहिनीचे दोन्ही गुडघे गेलेले. आजच तिला गाडीत चढवायला खाली लाकडी पाटा ठेवावा लागतो. हा हिशोब चालू असताना ती आतून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "भाऊजी, तुमचं झालं असेल तर मी विचारू का? मी कशी चढू रे बाबू?"

सहा कलमांनी झाले नाही ते या एका प्रश्नाने झाले. पोरगा गप्प बसला.

पण त्याची अडचण उरलीच होती, आणि अर्जदाराला नुसते 'नामंजूर' लिहून पाठवणे मला नोकरीतही आवडत नसे. मग आम्ही दोघांनी मिळून दुसरा मार्ग काढला. कंपनीने दिलेल्याच मापाचे, पण जाड नक्षीचे टायर घेतले. आरसीला, मीटरला, करारनाम्याला धक्का नाही. चेंबरखाली पोलादी पत्रा बसवला, म्हणजे दगड लागला तरी ऑइल वाचेल. मागे कायमचे सामान म्हणून एक जाड दोर, फावडे, दोन सागाच्या फळ्या आणि हवा भरायचा छोटा पंप. चिखलात शिरण्याआधी चारही टायरांची हवा थोडी कमी करायची, टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर आले की लगेच पुन्हा भरायची, कारण कमी हवेवर वेगात धावले तर टायर तापून फुटतो. आणि एक फुकटची गोष्ट: चाकोरीत चाक घालायचेच नाही. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरे चाकोरीच्या बाहेरच्या कडेवर. बैहरचा आमचा जीपवाला असाच चालवी, आणि त्याची जीप कधी पोटावर बसलेली मी पाहिली नाही.

एक गोष्ट मात्र मी वचन म्हणून मागून घेतली, पाण्याची. आपल्याकडे रपटे किती आहेत हे सांगायला नको. श्रावणात रपट्यावरून पाणी वाहू लागले की दोन्ही बाजूला गाड्यांची रांग लागते, आणि त्यातला सर्वांत उंच गाडीवाला पुढे सरसावतो. ग्राउंड क्लिअरन्स दगडासाठी आणि खड्ड्यासाठी असतो, वाहत्या पाण्यासाठी नाही. फूटभर वाहते पाणी लहान मोटार तरंगवू शकते, दोन फूट पाणी जीप-पिकअपसारखी बहुतेक वाहने ओढून नेते. मोठ्या टायरांत हवाही जास्त, ते तरंगायला मदतच करतात. आणि पाण्याखाली रपटा शिल्लक आहे की वाहून गेला, हे गाडीच्या उंचीवरून दिसत नाही. रपट्याच्या कडेचे पांढरे खुंट दिसत नसतील तर गाडी थांबवायची, एवढेच वचन.

मागच्या पावसात त्याची परीक्षा झाली. गावातून परतताना रपट्यावर पाणी आले. खुंट बुडाले होते. पुतण्या थांबला. त्याच्या शेजारून एक उंच केलेली जीप गेली, मधोमध जरा सरकली, आणि पलीकडे निघाली. पलीकडून त्या मुलांनी हात हलवले. पुतण्या पावणेतीन तास गाडीत बसून राहिला. घरी आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. मला फोन करून जरा चिडूनच म्हणाला, "मोठेबाबा, तो निघाला की."

"निघाला, चांगलं झालं," मी म्हटले. "तू जेवला का?"

पलीकडून वहिनीचा आवाज आला, "आताच पान वाढलं जी."

त्या हंगामात ट्रॅक्टर एकदाच बोलवावा लागला. चेंबर शाबूत आहे. पत्र्यावर दगडाचे दोन ओरखडे आहेत, ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतो. लिफ्टची हौस त्याच्या मनातून गेली असे मात्र मला वाटत नाही. कर्ज फिटल्यावर एखादी जुनी जिप्सी घेईन आणि रीतसर परवानगी काढून तिच्यावर हात साफ करीन म्हणतो. घे बाबा. ती फक्त चिखलात जायची गाडी असेल. तिच्यात वहिनीला चढायचे नाही, पोरांना शाळेत जायचे नाही. त्या खात्याचा हिशोब वेगळा मांडू.

मंडळी, तुमच्यापैकी कोणी बैहर-लांजीच्या जीप टॅक्सीतून प्रवास केला असेल, खासर हाकली असेल, किंवा एखाद्या कमानी मिस्त्रीचा शहाणपणा ऐकला असेल, तर जरूर लिहा. आणि घरात कोणी गाडी उंच करायला निघाले असेल तर त्याला एवढेच विचारा, गाडीत कोण कोण बसते?